संकल्प ठरवायच्या आधी आठवडाभर नुसतं लिहा

प्रश्न असा आलाय, ओळख कळणार नाही इतपत थोडक्यात सांगते. वय ३४, राहणार बडोद्यातलं मांजलपूर, मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका कंपनीत क्वालिटीला नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि दुसरीतला मुलगा. पाडव्याला संकल्प करते, मग दिवाळीला, मग परत एक जानेवारीला, नवी डायरी आणते, आठ-दहा दिवसांत सगळं बंद. आता कुणीतरी सांगितलं की आधी आत्मपरीक्षण कर, त्यातून तुझे खरे संकल्प सापडतील, म्हणून रात्री वही घेऊन बसले तर तासभर स्वतःला शिव्या घातल्या आणि रडून झोपले. मला नक्की काय हवंय हे शोधायचं कसं, आणि सापडलंच तर टिकवायचं कसं? आणि हे घरी सांगू का, की गुपचूप करू?

ताई, त्या रात्री जे झालं त्याला मी आत्मपरीक्षण म्हणणार नाही. ती उलटतपासणी होती, वकीलही तुम्हीच आणि आरोपीही तुम्हीच, मग निकाल काय लागणार ते बसायच्या आधीच ठरलेलं. मी दांडिया बाजारात बरीच वर्षं समुपदेशन करतेय आणि माझ्याकडे येणाऱ्यांत हा प्रकार इतका दिसतो की आता कुणी म्हणालं "मी स्वतःबद्दल खूप विचार करते" तर मी पहिलं हेच विचारते की विचार करून उठल्यावर कसं वाटतं, हलकं की जड. जड वाटत असेल तर तो विचार म्हणजे उगाळणं आहे. मानसशास्त्रात हे दोन प्रकार वेगळे मोजलेले आहेत, १९९९ मध्ये ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या दोघांनी दाखवलं की स्वतःकडे सारखं लक्ष असणाऱ्या माणसांमध्ये काहींचं लक्ष भीतीपोटी आणि गमावल्याच्या भावनेपोटी असतं, काहींचं निव्वळ कुतूहलापोटी, आणि बाहेरून दोघं सारखीच दिसली तरी आतून पार वेगळी असतात. पहिल्या प्रकारात माणूस आणखी खचत जातो. दुसऱ्या प्रकारात त्याला स्वतःबद्दल काहीतरी नवीन कळतं.

ओळखायचं कसं? वीस मिनिटं लिहून झाल्यावर पान परत वाचा आणि बघा, काल माहीत नव्हती अशी एक तरी गोष्ट त्यात आलीय का. सगळी वाक्यं "मी नेहमीच", "मला कधीच", "माझ्याच्यानं होतच नाही" अशी असतील तर वही मिटा, पाणी प्या, झोपा, त्या रात्री पुढे लिहून काही मिळणार नाही. आणि "का" हा शब्द सध्या वहीतून काढून टाका. मी अशी का आहे, माझं का टिकत नाही, या प्रश्नांना मन झटकन उत्तर देतं आणि ते उत्तर बहुतेक वेळा सगळ्यात जुनं, सगळ्यात कडू असतं, शाळेत कुणी आळशी म्हटलेलं असतं तेच वर येतं. त्याऐवजी काय झालं, केव्हा झालं, सोबत कोण होतं, अंगात कुठे काय जाणवलं, असे साधे प्रश्न. त्यांची उत्तरं शोधायला आठवावं लागतं, आणि आठवत बसलेल्या माणसाला स्वतःला झोडपायला तेवढा वेळ उरत नाही.

आता खरं काम. पहिला आठवडा एकही संकल्प करायचा नाही. हे ऐकून लोक नाराज होतात, कारण उत्साह आत्ता आहे आणि मी सांगतेय थांबा, पण यावर मी ठाम आहे. ज्यांचे संकल्प आठ दिवसांत मोडतात त्यांचे बहुतेक संकल्प आपल्या दिवसाकडे न बघता ठरवलेले असतात, कुणाच्या तरी रीलमधून, बहिणीकडून, डॉक्टरांच्या फटकाऱ्यातून आलेले. दिवस कसा जातो तेच माहीत नसेल तर त्यात नवीन गोष्ट बसवणार कुठे?

तर आठवडाभर रात्री दहा-पंधरा मिनिटं, कालचा किंवा आजचा दिवस तुकड्या-तुकड्यानं लिहायचा. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ९०९ नोकरदार बायकांकडून असंच करून घेतलं होतं, अमेरिकेत टेक्सासमध्ये, आदल्या दिवसाचे प्रसंग पाडायचे आणि प्रत्येक प्रसंगात मन कसं होतं ते नोंदवायचं. या पद्धतीचा फायदा हा की "एकूणात मी सुखी आहे का" असल्या मोठ्या प्रश्नाला बगल मिळते. त्या प्रश्नाचं उत्तर आपण बरेचदा त्या क्षणीच्या मूडवरून देतो. तुकड्यांमध्ये तसं जमत नाही, तिथे जे झालं तेच लिहावं लागतं.

तुमचं पान साधारण असं दिसेल. सकाळी डबे भरले, मुलगा उठेना, आवाज चढला, छातीत धडधड. सुशेन सर्कलला अडकले, गाडीवर उगाच आईची आठवण आली. कंपनीत अकरा वाजता एका लॉटमध्ये गडबड सापडली, दोघंजण मिळून कारण शोधलं, वेळ कसा गेला कळलं नाही. लंचला सगळ्या ग्रुपमध्ये बसले तरी एकटं वाटलं. संध्याकाळी सासूबाईंबरोबर मेथी निवडली, त्या त्यांच्या लहानपणच्या रावपुऱ्याबद्दल बोलत होत्या, बरं वाटलं. रात्री फोनवर एक तास गेला, काय बघितलं आठवत नाही. बस, एवढंच. प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा, जीव फुलला तर अधिकची, आक्रसला तर उणेची, काहीच नसेल तर नुसता टिंब. सुंदर लिहायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, अर्धं गुजरातीत आलं तर येऊ दे, बडोद्यातल्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तसंही दोन्ही भाषा एकत्रच चालतात.

रविवारी दुपारी सगळी जेवून पडली की ती पानं एका बैठकीत वाचा. मला सगळ्यात जास्त गंमत इथे वाटते, कारण माणसं जे ठरवून आलेली असतात आणि पानं जे सांगतात त्यात क्वचितच मेळ असतो. एक गृहस्थ होते, तपशील बदलून सांगते, बँकेत नोकरी, पन्नाशी जवळ आलेली, साखर वाढलेली, त्यांचा हट्ट होता की पहाटे पाचला उठून व्यायाम हाच माझा संकल्प. वर्षानुवर्षं हेच ठरवायचे आणि मोडायचे. आठवड्याच्या पानांत अधिकच्या खुणा शोधल्या तर त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच मित्राशी जोडलेल्या निघाल्या, सूरसागर तलावाकाठी बसून गप्पा, त्याच्याबरोबर स्कूटरवर मांडवीपर्यंत जाणं, फोनवर जुन्या मॅचची चर्चा. पहाटेच्या कुठल्याच ओळीत जीव नव्हता. मग त्यांनी त्या मित्राला घेऊन जेवणानंतर सूरसागरभोवती चालायला सुरुवात केली. पाचला उठणं सुटलं, चालणं राहिलं. त्यांना पाहिजे होती सोबत, आणि ती इतकी वर्षं व्यायामाच्या नावाखाली दबून राहिली होती.

प्रश्नानंतरच्या तुमच्या निरोपात मला एक ओळ दिसली, तुम्ही तिच्यावरून पटकन पुढे गेलात, तुम्ही लिहिलं होतं की कामात एखादी चूक मुळापासून शोधून काढली की घरी येईपर्यंत ताजंतवानं वाटतं. ती ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तिचं काय करायचं ते आत्ता ठरवू नका.

आता एक अवघड भाग. सापडलेली इच्छा कुणाची आहे ते तपासायचं. बडोद्यात राहून हे जास्तच तपासावं लागतं कारण इथे निम्म्या गल्लीतलं कुणी ना कुणी कॅनडाला नाहीतर ऑस्ट्रेलियाला गेलेलं असतं, परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजी परीक्षेचे, आयईएलटीएसचे क्लास कोपऱ्या-कोपऱ्यावर, आणि पंचविशीतली मुलं माझ्यासमोर बसून सांगतात की माझं ध्येय पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी, आहे. मी विचारते, तिथे पोचल्यावरचा एक साधा मंगळवार सांग बरं, सकाळी उठून काय करतोस, कुणाशी बोलतोस, संध्याकाळी काय. काही जण भरभरून सांगतात, डोळे चमकतात, त्यांनी जावंच. काही जण गप्प होतात. त्यांच्याकडे विमानतळावरचा फोटो असतो, मंगळवार नसतो. हाच प्रश्न तुम्ही कुठल्याही इच्छेला लावून बघा. वजन कमी झालेलं असतानाचा साधा मंगळवार, प्रमोशन मिळालेलं असतानाचा साधा मंगळवार. आणि त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न, हे मी केलं हे कुणालाच, अगदी आईलाही, कधीच कळणार नसेल तर तरीही करेन का? इथे उत्तर "नाही" आलं तर ती इच्छा वाईट आहे असं नाही, सासरच्या लग्नात चांगलं दिसावं असं वाटण्यात काहीच वावगं नाही, फक्त ते लग्न झालं की तिची ताकद संपणार एवढं धरून चाला.

लिहिताना परत स्वतःला झोडपायला लागलात तर एक युक्ती आहे, ऐकायला विचित्र वाटेल. "मी" सोडून द्या, स्वतःला नावानं हाक मारून लिहा. ईथन क्रॉस आणि मंडळींनी २०१४ मध्ये यावर बरेच प्रयोग प्रसिद्ध केले, लोकांनी तणावाच्या प्रसंगाआधी स्वतःशी "मी"ऐवजी स्वतःचं नाव घेऊन बोललं तर घाबरणं कमी होतं, नंतर त्या प्रसंगाचं उगाळणंही कमी होतं. मी यात थोडं आपलं मिसळते. तुमची सगळ्यात मायेची मावशी किंवा आत्या आठवा, तिनं तुम्हाला कसं विचारलं असतं, "अगं, एवढं काय झालं, नीट सांग बघू", त्या आवाजात लिहा. माणूस भाचीशी जितकं समजून बोलतो तितकं स्वतःशी बोलत नाही, पण नाव घेतलं की कसं कोण जाणे, जरा जमायला लागतं.

बरं, समजा दोन आठवड्यांनी तुमच्या हातात दोन-तीन गोष्टी आल्या. आता त्यातली एकच घ्या, एकच, बाकीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या करा, कुठल्या दिशेला जायचंय आणि या महिन्यात काय करायचंय. मुलाशी मला शांतपणे राहायचंय, ही दिशा, ती कधी पूर्ण होत नाही, मुलगा तीस वर्षांचा झाला तरी चालूच राहील. सकाळी उठवताना दहा मिनिटं आधी त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, ही कृती, ती आज झाली की नाही झाली ते सांगता येतं. लोक नुसती दिशा लिहितात आणि मग रोज रात्री वाटतं की आजही नापास. नाहीतर नुसती कृती लिहितात आणि महिन्यानं विसरतात की हे आपण कशासाठी चालू केलं होतं. दोन्ही एकाखाली एक लिहा.

कृती लिहायची पद्धत मात्र नेमकी हवी. पीटर गोलविट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ यावर काही दशकं काम करतायत, त्यांचं म्हणणं असं की "मी हे करणार आहे" एवढं ठरवून माणूस तिथेच राहतो, पण "अमुक झालं की मी तमुक करेन" असं ठरवलं तर होण्याची शक्यता बरीच वाढते, २००६ मध्ये त्यांनी आणि शीरन यांनी ९४ अभ्यास एकत्र करून बघितले तर परिणाम मध्यम ते मोठा निघाला. कारण साधं आहे, आठवण ठेवायचं काम तुमच्या डोक्यावर राहत नाही, ते त्या प्रसंगावर जातं. म्हणून घड्याळाची वेळ लिहिण्यापेक्षा मी रोज हमखास होणारी गोष्ट धरायला सांगते, संयुक्त कुटुंबात साडेआठ म्हणजे साडेआठ कधी असतात? "रात्रीचा ओटा पुसून झाला की फोन स्वयंपाकघरातच चार्जिंगला लावेन आणि वही घेऊन बाल्कनीत बसेन." यात ओटा रोज पुसला जातो, तेवढं पक्कं. तुमच्या नेहमीच्या संकल्पाशी ताडून बघा, "रोज स्वतःसाठी वेळ काढणार", त्यात केव्हा नाही, कुठे नाही, कशानंतर नाही.

आणि आड काय येणार ते आधीच लिहा. याबद्दल गॅब्रिएल ओटिंगन यांचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सगळीकडे जे सांगतात की डोळे मिटून यश मिळाल्याचं चित्र बघा, त्याच्या बरोबर उलट त्यांना दिसलं. १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या बायकांचा त्यांनी अभ्यास केला होता, ज्या बारीक झाल्याची गोड-गोड स्वप्नं जास्त रंगवत होत्या त्यांचंच वजन इतरींपेक्षा कमी घटलं. स्वप्नात सगळं मिळाल्यासारखं वाटतं आणि मग उठून करायची ओढच कमी होते. त्यांचा उपाय असा की इच्छा बघा, ती पुरी झाली तर काय छान होईल ते बघा, आणि लगेच त्याच्या शेजारी आपल्यातला अडथळा ठेवा. आपल्यातला, हे महत्त्वाचं. तुम्ही म्हणाल रात्री बाल्कनीत बसले की सासूबाई हाक मारतात. ठीक, पण जरा आणखी खाली बघा. "मला वीस मिनिटं लागतील हो" असं म्हणायची भीती वाटते, ही आतली गोष्ट. मग "झालं की करेन" वालं दुसरं वाक्य तिच्यासाठी, "सासूबाईंनी हाक मारली की 'आले वीस मिनिटांत' असं म्हणेन आणि बसून राहीन". पहिल्या दिवशी जीभ अडखळेल. मेथी निवडताना ज्या तुमच्याशी एवढं बोलतात त्या इतक्यात रागावतील असं मला तरी वाटत नाही.

किती दिवस करायचं हे सगळे विचारतात. २१ दिवसांचं जे सांगतात ते माल्ट्झ नावाच्या एका प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलेल्या गोष्टीवरून पसरलंय, तो ऑपरेशननंतर रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तेवढे दिवस लागतात असं सांगत होता, तुमच्या वहीशी त्याचा काही संबंध नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २०१० मध्ये छापून आला, त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि माणसामाणसात फरक केवढा, १८ पासून २५४ पर्यंत. त्यातच हेही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे मी मुद्दाम सांगतेय कारण तुमचं सगळं आठव्या-दहाव्या दिवशी बंद पडतं ते एक दिवस चुकल्यामुळे नसणार, चुकलेल्या दिवसानंतरच्या रात्री तुम्ही स्वतःला जे बोलता त्यामुळे असणार. चुकलं तर वहीत तारीख टाकून "आज नाही" लिहा, पुढे एक शब्दही नाही.

पाडवा, दिवाळी, एक जानेवारी यांना नावं ठेवू नका हां. नवीन वर्षाच्या दिवशी मन खरंच थोडं मोकळं होतं, मागचं मागे टाकावंसं वाटतं, आणि आपण बडोदेकर तर नशीबवान, आपला चैत्रातला पाडवा आहे, दिवाळीतला पाडवा आहे जो इथल्या शेजाऱ्यांचं बेसतुं वर्षही असतो, शिवाय दसरा. फक्त त्या दिवशी ठरवायला बसू नका. आधीचे दोन आठवडे लिहा आणि त्या दिवशी सुरुवात करा.

आता जे सांगायचंय ते मला सगळ्यात मनापासून सांगायचंय. सयाजीबागेच्या बाजूनं तुम्ही कितीदा गेला असाल. १९१७ मध्ये तिला सगळे कमाटीबाग म्हणत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले होते, परत आल्यावर ठरल्याप्रमाणे बडोदा संस्थानात नोकरीला आले, आणि एवढं शिकलेल्या माणसाला या आपल्या गावात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले तर लोक काठ्या घेऊन अंगावर आले आणि बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तेवढा वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला, आई-वडिलांची आठवण येत होती असं त्यांनीच पुढे लिहिलंय. तिथेच त्यांनी अस्पृश्यता मिटवण्याचा संकल्प केला असं मानतात, म्हणून त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात, दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे लांबून-लांबून लोक येतात.

मी हे उदाहरण देताना दरवेळी आधी सांगते की तो प्रसंग आपल्या डायरीच्या संकल्पांच्या रांगेत बसवायचा नाही, त्याचं वजन वेगळं आहे. पण दोन गोष्टी त्यातून मला या कामात सतत उपयोगी पडल्यात. एक म्हणजे, तिथे बसलेल्या माणसानं दोष कुठे आहे ते बरोबर ओळखलं. माझ्यात काय कमी म्हणून मला हाकललं, या प्रश्नात ते अडकले नाहीत, दोष व्यवस्थेत होता आणि आयुष्यभर त्यांनी बोट तिथेच ठेवलं. माझ्यासमोर कितीतरी बायका बसतात ज्या स्वतःला सुधारण्याचे संकल्प करतायत, जास्त सहनशील होईन, पहाटे आणखी लवकर उठेन, आणि आठवड्याची पानं बघितली तर दिसतं की बारा-चौदा तास काम त्या एकट्या करतायत आणि घरात बाकी कुणी ताटसुद्धा उचलत नाही. तिथे संकल्प स्वतःला सुधारायचा करायचाच नाही. तिथे संकल्प असतो नवऱ्याशी बोलायचा, कामं वाटून घ्यायचा, ऑफिसात जास्तीच्या शिफ्टला नाही म्हणायचा. तुमच्या पानांतल्या उण्याच्या खुणा मोजताना हे जरूर बघा, यातल्या किती माझ्या स्वभावामुळे आहेत आणि किती माझ्यावर टाकलेल्या ओझ्यामुळे.

दुसरं म्हणजे पुढच्या पायऱ्या. १९१८ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, १९२० च्या जानेवारीत मूकनायक, त्याच वर्षी अपुरं शिक्षण पुरं करायला परत लंडन, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ मध्ये महाडचं चवदार तळं. दहा वर्षं. दिशा एकच, आणि प्रत्येक टप्प्यावर त्या वेळी हाताशी होतं ते नेमकं काम. एका रात्रीत आयुष्य बदलण्याच्या गोष्टी ऐकून ज्यांना आपलं काहीच होत नाही असं वाटतं त्यांनी या तारखा एकदा ओळीनं लिहून काढाव्यात.

तब्येतीचं एक सांगून ठेवते. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच मन उदास आहे, झोप-भूक बिघडलीय, कशातच रस वाटत नाही, किंवा जगून काय करायचं असे विचार येतायत, तर वही बाजूला ठेवा, या काळात एकट्यानं आत डोकावणं उलट त्रासाचं होतं. सरळ मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा, नाहीतर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे. तुम्ही रडून झोपलात त्या एका रात्रीवरून मी हे म्हणत नाहीये, पण वाचणाऱ्यांत कुणाला लागू असेल म्हणून लिहिलं.

शेवटी तुम्ही विचारलंय की घरी सांगू का, की गुपचूप करू. अर्धं सांगा. नवऱ्याला कृती सांगा, ओटा झाल्यावर वीस मिनिटं मी बाल्कनीत असेन, मुलाला तेवढा वेळ तू बघ. त्याची मदत लागणार आहे, म्हणून ते सांगावंच लागेल. पण "मी आता बदलणार आहे", "मी आता शांत आई होणार आहे" हे जाहीर करू नका, ना घरी ना व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर. गोलविट्झर यांच्याच २००९ च्या एका अभ्यासात असं दिसलं की आपण कोण होणार आहोत हे दुसऱ्यानं ऐकून मान डोलावली की त्यासाठीची मेहनत कमी होते, कौतुक आधीच मिळून गेलेलं असतं. शिवाय घरातली माणसं मग तुमचा आवाज चढला की लगेच आठवण करून देतात, ते वेगळंच.

वही साधी घ्या, शाळेची दोनशे पानी चालेल, मुलाच्या कप्प्यात जास्तीची असेलच. आज रात्री कालचा दिवस लिहा, तुकड्या-तुकड्यानं, खुणांसकट, आणि दुसऱ्या रविवारी पानं वाचून अधिकच्या तीन ओळी मला पाठवा, उण्याच्या सध्या तुमच्याकडेच राहू द्या.